रिकाम्या टेबलांची मोजणी

वाचनालयात तिला नावाने हाक मारणारं कुणी नव्हतं. समोर सगळे ‘बाई’ म्हणायचे आणि पाठ वळली की ‘जागेवरबाई’. कुणी पुस्तक वाचून टेबलावर तसंच टाकून उठलं, की काउंटरमागून आवाज यायचा, "जागेवर!" पुढचं ‘ठेवा’ म्हणायची वेळच येत नसे. चांगले मिशाळ गडी मुकाट मागे फिरायचे, पुस्तक उचलायचे आणि ज्या फटीतून काढलं त्याच फटीत सरकवून यायचे. फट चुकली तर पुन्हा आवाज. स्वभावाने वाईट नव्हती हो ती, पण पुस्तक जागा सोडून पडलेलं दिसलं की तिच्या डोक्यात तिडीकच जायची, त्याला ती तरी काय करणार!

आता ग्रंथालयशास्त्र याच्या बरोबर उलटं सांगतं. वाचकाने पुस्तक कपाटात ठेवूच नये, टेबलावर सोडावं. चुकीच्या जागी गेलेलं पुस्तक हरवल्यातच जमा. हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही, परीक्षेत तिने हेच लिहून मार्क मिळवले होते. पण शास्त्र लिहिणाऱ्यांच्या हाताखाली माणसं असतात. हिच्या हाताखाली एक शिपाई, आणि तोही निम्मा वेळ वाचनालयाच्या चिटणीसांच्या घरच्या कामाला गेलेला. मग टेबलावरचा ढीग उचलायचा कुणी? म्हणून तिने वर्षानुवर्षं घसा फोडून वाचकांनाच वळण लावलं होतं, आणि त्या वळणाचा तिला कोण अभिमान!

अशा या बाईने पन्नाशीच्या तोंडावर एम.फिल.ला नाव नोंदवलं. हौस म्हणून नाही. नोकरीला लागल्यापासून ती सहायक ग्रंथपाल होती ती होतीच. वरती एकामागून एक ग्रंथपाल आले, गेले, आणि दरवेळी नव्या साहेबाच्या टेबलावरची धूळ हिनेच पुसून ठेवली. आताचे साहेब निवृत्त होणार होते. कार्यकारी मंडळाने ठरवून टाकलं, की संशोधनाची पदवी असेल त्यालाच ती खुर्ची. हिने मनाशी म्हटलं, बघतेच आता, कोण बसतं त्या खुर्चीत ते!

नवरा चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा. तो म्हणाला, "कर की. घरात तसेही आपण दोघं लोकांच्या डोळ्यांवरच जगतोय." मुलगी कॉलेजात होती, तिने टायपिंगचा भार उचलला आणि दर पानामागे आईच्या शुद्धलेखनाची अब्रू काढली. मध्ये सासूबाई अंथरुणाला खिळल्या, तेव्हा एकदा मुदत वाढवून घ्यावी लागली. मग हिच्याच डोळ्याचं ऑपरेशन निघालं, पुन्हा मुदतवाढ. त्या वेळी विद्यापीठातल्या कारकुनाने काचेपलीकडून बजावून सांगितलं, "बाई, आता तिसरी मिळायची नाही. यात झालं तर झालं, नाहीतर नोंदणीच रद्द."

विषय तिच्या मार्गदर्शक सरांनी दिला होता. वाचनालयातल्या ज्या विभागांची पुस्तकं घरी न्यायला मिळत नाहीत, तिथेच बसून वाचावी लागतात, त्यांचा खरोखर वापर किती होतो? घरी नेलेल्या पुस्तकाची नोंद असते. बसून वाचलेल्याची कोण ठेवणार? तर पद्धत अशी. प्रत्येक टेबलावर पाटी लावायची, ‘वाचून झालेले पुस्तक टेबलावरच ठेवावे.’ संध्याकाळी शिपायाने टेबलावरची पुस्तकं विभागवार मोजायची आणि मग जागेवर लावायची. सरांनी वर ताकीद दिली, "मोजणी चालू असेपर्यंत तुम्ही वाचनकक्षात पाय ठेवायचा नाही. संशोधकाने मध्ये लुडबुड केली की आकडे बिघडतात." तिने ते इतकं मनावर घेतलं की काउंटरसुद्धा पुढच्या दालनात हलवून घेतला आणि वाचनकक्षाकडे मान वळवायची नाही म्हणून कानाला खडा लावला.

वर्षभर मोजणी चालली. निकाल एकदम स्वच्छ आला. कविता, प्रवासवर्णनं, कोश, सगळ्यांची पुस्तकं टेबलावर सापडत होती, आणि हुन्नर विभागाच्या नावावर भोपळा. हुन्नर विभाग म्हणजे वाचनालयातली सगळ्यात जुनी कपाटं. मोटारीची तार कशी गुंडाळायची, शर्टाची कॉलर कशी बेतायची, नळाचे सांधे, बर्फाच्या मशिनी, सुतारकामाचे नकाशे, असली जाडजूड पुस्तकं. सर तर खूश झाले. "आकडे कसे खणखणीत बोलतायत बघा!" तिलाही ते पटलं, त्या कपाटांपाशी ओरडायची वेळ तिच्यावर कित्येक वर्षांत आली नव्हती. प्रबंधाच्या शेवटी तिने लिहिलं, की हा विभाग वाचकांच्या दृष्टीने मृत असून तो काढून जागा मोकळी करावी. ‘मृत’ हा शब्द मुलीने सुचवला होता. प्रबंध बांधून, सोनेरी अक्षरं छापून विद्यापीठात गेला.

चिटणीसांच्या कानावर ही गोष्ट गेली मात्र, ते जागेवरून उडालेच. त्यांना कित्येक दिवसांपासून तिथे फी घेऊन चालवायची अभ्यासिका काढायची होती, पण जुने सभासद बोंब मारतील म्हणून गाडं अडलं होतं. आता घरचाच तज्ज्ञ अहवाल हाती आला! मंडळाने ठराव केला. व्हायवा झाली की दुसऱ्या दिवशी रद्दीवाल्याचा टेम्पो येणार होता.

व्हायवाच्या आदल्या दिवशी दुपारी ती रजेवर असूनही वाचनालयात गेली. उद्या पडद्यावर दाखवायला तिला त्या कपाटांचा फोटो हवा होता. धूळ, जळमटं, मेलेला विभाग कसा दिसतो ते लोकांना दिसलं पाहिजे. मोजणी संपून गेलेली, आता वाचनकक्षात जायला हरकत नव्हती. मोबाइल काढून ती कपाटासमोर उभी राहिली आणि तशीच थांबली. धूळ कुठे होती? शेजारच्या कोशांच्या डोक्यावरसुद्धा थोडी धूळ होती, आणि इथे पुस्तकांच्या कडा हात लागून लागून काळ्या झालेल्या. मोटारीच्या पुस्तकाची पाठ तर सैल होऊन लोंबत होती. न वाचता पुस्तक फाटतं होय?

 ती कोपऱ्यातल्या खुर्चीवर जाऊन बसली. थोड्या वेळाने पंपवाला आला. हा बाजाराच्या मागे पाण्याचे पंप दुरुस्त करायचा, जुना सभासद, तिच्या चांगला ओळखीचा. त्याने तेच सैल पाठीचं पुस्तक काढलं, टेबलावर पसरलं, खिशातून पेन्सिलीचा तुकडा काढून सिगारेटच्या पाकिटावर काहीतरी आकृती उतरवली. मग उठला, पुस्तक नीट मिटलं, कपाटाशी गेला आणि त्याच फटीत सरकवलं. वर बोटाने दाबून कडेला कड जुळवली. तो गेल्यावर एक शिंपीण आली. तिनेही तेच केलं. मग दोन फ्रीजवाले आले. वाचलं, उठले, जागेवर!

आणि टेबलं कशी? स्वच्छ. रिकामी.

 आता ज्याला कळायचं त्याला कळलंच असेल. कवितेची, प्रवासाची पुस्तकं वाचायला येत होती नवी पोरं, तिच्या तोंडचं कधी न ऐकलेली. ती टेबलावर पसारा टाकून जायची आणि मोजणीत भरायची. हुन्नर विभागाचे वाचक जुने, तिच्या धाकात वाढलेले. सगळ्यात जास्त वाचणारी माणसं मोजणीत आलीच नव्हती, कारण ती सगळ्यात जास्त हिचं ऐकणारी होती!

ती तरातरा बाहेर गेली आणि पायऱ्यांवर अजून गप्पा मारत बसलेल्या पंपवाल्याला गाठलं. "काय हो, टेबलावर एवढी पाटी लावलीय ती दिसत नाही तुम्हाला? पुस्तक टेबलावर ठेवा म्हणून लिहिलंय ना?"

पंपवाला दचकला. "दिसली की बाई."

"मग कपाटात का ठेवलंत?"

"अहो, मला वाटलं ती नव्या लोकांसाठी असेल." मग जरा धीर करून तो म्हणाला, "एकदा मी टेबलावर सोडलं होतं तर तुम्ही सगळ्यांदेखत विचारलंत, टेबल तुमच्या बापाचं आहे का? त्यानंतर परत कधी चूक झालेली नाही माझ्या हातून."

त्याला वाटत होतं, बाई शाबासकी देईल. बाईला रडू आवरेना, म्हणून ती वळली.

घरी पोचायच्या आत तिने सरांना फोन लावला. सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि मग आवाज खाली आणून म्हणाले, "हे आणखी कुणाला बोललात?"

"नाही."

"बोलूही नका. कुठल्या संशोधनात त्रुटी नसतात? फारच विचारलं तर ‘अभ्यासाची मर्यादा’ म्हणायचं आणि पुढे सरकायचं. बाई, तुमच्याबरोबर माझंही नाव आहे त्या प्रबंधावर. आणि तिसरी मुदतवाढ नाही, हे लक्षात आहे ना?"

लक्षात नसायला काय झालं! झोपेतून उठवून विचारलं असतं तरी तिने तेवढं सांगितलं असतं.

मग चिटणीस. त्यांना तिने आडून आडून विचारलं, की ती कपाटं हलवणं थोडे दिवस थांबवता येईल का? चिटणीस काही दुधखुळे नव्हते. "का? प्रबंधात लिहिलंय ते खोटं आहे का?"

"खोटं नाही, पण..."

"पण नको. खरं असेल तर टेम्पो येईल. खोटं असेल तर तसं सांगा, मी मंडळाला कळवतो. मी उद्या येणारच आहे व्हायवाला, ठराव घेऊनच येतो. दोन्ही डगरींवर हात ठेवायचा नाही बाई, एक काय ते बोला."

ती एक काय ते बोलली नाही. फोन ठेवला.

रात्रीच्या जेवणावर घरात भांडण पेटलं. मुलगी म्हणाली, "आई, तू गप्प बस. चार वर्षं मी तुझे तक्ते टाइप केलेत. एका पंपवाल्यासाठी सगळ्यावर पाणी सोडणार आहेस?"

"एकटा पंपवाला आहे का तो?"

"मग किती आहेत? मोजलेस?"

हे वर्मी बसलं. मोजले नव्हते, तेच तर दुखणं होतं. नवरा मध्ये पडला. "अगं, उद्या पदवी घे, खुर्चीत बस, आणि मग पुस्तकं परत आण."

"रद्दीच्या लगद्यातून परत आणू? कुठे मिळतात आता ती? त्यातली निम्मी छापायचीच बंद झालीत!" ती ओरडली आणि ताटावरून उठली. पण खरं सांगायचं तर तिने गप्प बसायचं ठरवलं होतं. होय, ठरवलं होतं. तिलाही ती खुर्ची हवी होती. आयुष्यभर दुसऱ्याचं टेबल पुसलं होतं तिने, एकदा तरी स्वतःचं पुसावं असं वाटण्यात काय पाप आहे? रात्रभर तिने स्वतःला हेच समजावलं आणि पहाटे कुठे तिचा डोळा लागला.

विद्यापीठातली ती खोली लहानच होती. लांब टेबल, एका बाजूला सर, शेजारी बाहेरून आलेल्या परीक्षक मॅडम, भिंतीशी खुर्च्यांवर चार विद्यार्थी आणि चिटणीस, मांडीवर ठरावाची फाइल. पडद्यावर तक्ते सरकत गेले. घोटवलेलं आपोआप येत गेलं. मोजणीची पद्धत. विभागवार आकडे. हुन्नर विभागाच्या पट्टीवर काहीच नाही, नुसतं पांढरं. कपाटाचा फोटो ती दाखवणारच नव्हती. फोटो तिने काढलाच नव्हता.

परीक्षक मॅडम कडक वाटत होत्या, पण नाराज दिसत नव्हत्या. त्यांनी संदर्भ विचारले, आकडेवारीचं सूत्र विचारलं. तिने सगळं बरोबर सांगितलं. "मांडणी नीटनेटकी आहे," मॅडम म्हणाल्या. सरांनी टेबलाखाली पाय सैल सोडले. भिंतीकडून फाइलची दोरी सुटल्याचा आवाज आला. निसटले, असं तिला वाटलं. आणखी दोन मिनिटं, फक्त दोन मिनिटं, देवा!

मॅडमनी पेनाचं टोपण लावता लावता सहज विचारलं, "या विभागात तुम्ही स्वतः कधी बसलात का?"

सर पटकन म्हणाले, "संशोधकाने निरीक्षणापासून लांब राहावं म्हणून मीच..."

"त्यांना विचारलंय," मॅडम म्हणाल्या.

 ‘नाही’ म्हटलं असतं तर चाललं असतं. ‘अभ्यासाची मर्यादा’ हे दोन शब्द जिभेच्या टोकावर तयार होते. सर तिच्याकडे रोखून बघत होते, त्यांचे ओठ ते शब्द म्हणतसुद्धा होते. पण ती होती तोंडाने फटकळ, आणि फटकळ माणसाला खोटं बोलायला वेळ लागतो. तेवढा वेळ तिला कुणी दिला नाही.

"काल बसले," ती म्हणाली.

"काय दिसलं?"

"विभाग भरलेला असतो मॅडम. लोक येतात, वाचतात आणि पुस्तक परत कपाटात ठेवतात. टेबलावर काही राहतच नाही, म्हणून मोजणीत येत नाही."

"पाटी असूनही?"

"पाटी कालची आहे. मी अठ्ठावीस वर्षांची आहे." खोलीत कुणीतरी हसलं. ती हसली नाही. "म्हणजे मी तिथे तेवढी वर्षं ओरडतेय. माझं ऐकतात ते. जे माझं ऐकतात तेच मोजायचे राहिले. पांढरी पट्टी दिसतेय ना, ती वाचकांची नाही, ती माझ्या आवाजाची आहे. शेवटचं प्रकरण चुकीचं आहे. तो विभाग मेलेला नाही."

सरांनी डोळे मिटून घेतले. "ही अभ्यासाची एक मर्यादा म्हणता येईल," ते कसेबसे म्हणाले.

"नाही सर," ती म्हणाली, "ही चूक आहे."

मग तिला बाहेर बसवलं. आतून आवाज येत होते, सरांचा चढलेला, मॅडमचा एकसुरी. परत बोलावलं तेव्हा मॅडमनी तिला आधी बसायला सांगितलं. "पायाच चुकलाय म्हटल्यावर प्रबंध मान्य करता येत नाही. दुरुस्तीला दिला असता, पण तुमची मुदत संपलेली आहे. नव्याने नोंदणी करावी लागेल, सुरुवातीपासून." मग अहवालाचा कागद तिच्यापुढे सरकवत त्या म्हणाल्या, "तुम्ही बोलला नसतात तर मला कळलं नसतं, हेही सांगते."

"माहीत आहे," ती म्हणाली.

अहवालावर ‘अमान्य’ लिहिलं होतं आणि खाली उमेदवाराची सही हवी होती. तिने सही केली. चिटणीसांनी ठराव पुन्हा फाइलीत घातला. त्यात ‘तज्ज्ञ अभ्यासाच्या आधारे’ असं लिहिलेलं होतं आणि आधारच उडाला होता. दारातून जाताना ते तिच्यावर भडकून म्हणाले, "टेम्पो रद्द करतो आता, दुसरं काय करणार! पण बाई, त्या खुर्चीचं मनातून काढून टाका. मंडळ बाहेरचा माणूस घेणार."  सर दप्तर उचलून सरळ निघून गेले.

कॉरिडॉरच्या टोकाला खिडकी होती. तिथे उभं राहून तिने नवऱ्याला फोन लावला. दुकानातल्या मशीनची घरघर ऐकू आली, मग बंद झाली.

"काय झालं?"

"नापास."

 मग म्हणाला, "बोललीस ना?"

"बोलले."

"आणि कपाटं?"

"राहिली."

"मग रडतेस कशाला वेडे?"

"अहो, नापास झाले म्हणून!" ती इतक्या जोरात ओरडली की कॉरिडॉरमधली पोरं थबकून बघायला लागली. "कपाटं राहिली म्हणून काय नापासाचं पास होतं? चार वर्षं, माझी खुर्ची, पोरीची मेहनत, सगळं गेलं! मला रडूसुद्धा नको का?"

"रड, रड," तो म्हणाला. "हवं तेवढं रड. मी दुकान बंद करतो आणि येतो तुला घ्यायला."